सव्वाब्याण्णव ब्लॉक

लेस टोथने टोगार फ्लोमोच्या नावाची पट्टी फळ्याच्या पार तळाशी सरकवली ती मार्चमध्ये, आणि स्वतःच्या हाताने. कुणी सांगितलं नव्हतं. आकडाच तसा होता.

तो लोखंडी फळा टोलेडो स्टोकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर, आख्खी भिंत व्यापून होता. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची नावं त्यावर चुंबकाच्या पट्ट्यांवर लिहून लावलेली असत. संघाला जो जितका हवा, त्याची पट्टी तितकी वर. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ड्राफ्ट होता. देशातले बत्तीस संघ क्रमाने एकेक नाव पुकारणार, अशा सात फेऱ्या. ज्याने पुकारलं त्याचं ते पोर. ज्याचं नाव कुणीच पुकारत नाही त्याने घरी जाऊन दुसरं काहीतरी करायचं.

त्या वर्षी टोलेडोच्या फळ्यावर बचावाच्या मुलांचीच गर्दी होती. आदल्या हंगामात स्टोकर्सचा बचाव म्हणजे सताड उघडं फाटक झालं होतं. सतरा सामन्यांत चौदा हरले. समोरच्याने उजव्या कडेने लांब चेंडू फेकायचा, त्यांच्या गड्याने तो पळता पळता झेलायचा आणि मागे वळूनही न बघता शेवटची रेषा ओलांडायची, हे दर रविवारी एकदा तरी व्हायचं. लेस राहायचा त्या ईस्ट साइडच्या हंगेरियन वस्तीतल्या बारमध्ये लोक नोव्हेंबरपासून टीव्हीकडे पाठ करून बसायला लागले होते.

नवा मॅनेजर हॉलिस ग्रँडबेरी याने जानेवारीत बचावातले सहा जुने खेळाडू एका दिवसात मोकळे केले. "दुसऱ्यांनी वापरून टाकलेले म्हातारे मला नकोत," तो म्हणाला. "बचाव पोरांनी उभा करायचा. दोन वर्षं मार खाऊ, पण आपल्या पोरांबरोबर खाऊ."

पोरं हुडकायचं काम पारख्यांचं. लेस त्यांच्यातला सगळ्यांत जुना. वय चौसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. एकतीस वर्षं तो गाडीच्या मागच्या सीटवर सॅंडविचची पिशवी टाकून उत्तरेकडची लहान लहान कॉलेजं धुंडाळत आला होता. टोगार त्याला मिनेसोटाच्या अशाच एका कॉलेजात सापडला. आईवडील लायबेरियातून आलेले, पोरगा मिनियापोलिसच्या उत्तरेला वाढलेला. उजव्या कडेला उभा राहून लांब चेंडू अडवायचं त्याचं काम. लेसने त्याला तीनदा पाहिलं, आणि तिन्ही वेळा वहीत एकच वाक्य लिहिलं: *चेंडूकडे बघत नाही, झेलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघतो.* समोरच्याचे डोळे मोठे झाले की चेंडू आला. हे शिकवून येत नाही.

मग मार्चमधला मोजणीचा दिवस उजाडला. कॉलेजातल्या मुलांना संघांचे पारखी एकत्र येऊन मोजतात. उंची, उडी, आणि सगळ्यांत महत्त्वाची ती चाळीस यार्डांची धाव. बाहेर बर्फ होतं म्हणून ती क्रीडागृहात घेतली. कडेचं काम करणाऱ्या पोराने चार सेकंद पन्नासच्या आसपास धावावं लागतं. टोगारला चार बासष्ट लागले. नऊ पारख्यांच्या नऊ घड्याळांत जवळपास तोच आकडा. त्याच संध्याकाळी देशभरातल्या फळ्यांवर त्याची पट्टी खाली घसरली. लेस टोलेडोला परतला आणि त्याने आपल्याही फळ्यावर ती घसरवली. डोळे वाचणारं पोर असलं तरी मागून पळून गाठता येत नसेल तर काय उपयोग?

एप्रिलमध्ये, ड्राफ्टच्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी, डॅनिका रीव्हज त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. बगलेत लॅपटॉप, हातात कॉफीचे दोन कप. ही सव्वीस वर्षांची मुलगी पदार्थविज्ञान शिकून आली होती आणि संघाच्या आकडेवारीचं काम बघायची. दोन वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी लेसने तिला विचारलं होतं, "पोरी, चेंडूला कधी हात लावलायस का?" ती म्हणाली होती, "कालच लावला. चारशे अकरा ग्रॅम भरला." तेव्हापासून दोघांचं जमलं.

आज मात्र ती कप ठेवून नुसतीच उभी राहिली.

"काय गं? कुणी मेलं का?"

"नाही. दार लावू का?"

"लाव. आता मात्र मला भीती वाटायला लागली."

तिने दार लावलं, खुर्ची ओढली, लॅपटॉप उघडला. "मिनेसोटाच्या मोजणीचा व्हिडिओ बघत होते. टोगार फ्लोमो."

"तो गेला खाली. चार बासष्ट."

"हो. पण पहिले वीस यार्ड बघा. दोन साठ. वर्षभरात मोजलेल्या सगळ्या पोरांत चौथा. मग पुढच्या वीसला दोन सेकंद आणि वर दोन शतांश. इतक्या जोरात सुटलेलं पोर अर्ध्यातच ढेपाळलं?"

"ढेपाळतात. पाय लहान, दम कमी..."

"त्या दिवशी नऊ जण धावले, लेस. एक तर तीनशे पौंडांचा होता. नऊच्या नऊ जण एकाच ठिकाणी ढेपाळले. पहिले तीस यार्ड सगळ्यांचे ठीक. शेवटच्या दहात प्रत्येकाला सेकंदाचा दहावा हिस्सा जास्त, थोडा इकडेतिकडे."

लेसने चष्मा लावला. "मग? फरशी ओली होती?"

"ओली असती तर पाय घसरले असते. मला वाटलं, धावपट्टीच लांब असेल." ती घाईने पुढे बोलली, जणू थांबली तर बोलता येणार नव्हतं. "सुरुवातीची आणि शेवटची चिकटपट्टी भिंतीवर हातभर चढवलेली आहे. त्यामुळे दोन्ही टोकं भिंतीवर नीट दिसतात. आणि भिंत सिमेंटच्या ब्लॉकची आहे, प्लास्टर नाही. तिथल्या देखभालीच्या माणसाला मी फोन केला. त्याने दहा ब्लॉक मोजून दिले. सांध्यासकट एकशेसाठ इंच. म्हणजे एक ब्लॉक सोळा इंच. चाळीस यार्ड म्हणजे एकशेवीस फूट, म्हणजे बरोबर नव्वद ब्लॉक."

"आणि?"

"सव्वाब्याण्णव."

लेसने खुर्ची पुढे ओढली. डॅनिकाने पडदा त्याच्याकडे वळवला आणि पहिल्या ब्लॉकवर बोट ठेवलं. तो स्वतः मोजायला लागला. मोठ्याने नाही, ओठ हलवत. अर्ध्यात चुकला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटच्या पट्टीपर्यंत पोचला तेव्हा कॉफी गार झाली होती.

सव्वाब्याण्णव. तीन फूट जास्त. एक यार्ड. त्या वेगात धावणाऱ्या पोराला एक यार्ड म्हणजे एक दशांश सेकंद.

भिंतीवर पट्टी चढवायची सवय लेसची होती. मागे उभ्या असलेल्या पारख्यालाही रेषा दिसावी म्हणून. दुसरं कुणी तसं करत नसे.

पारख्यांमध्ये एक जुना रिवाज आहे. मोजणीच्या दिवशी बत्तीस संघांची बत्तीस मोजमापं होत नाहीत. हजर असतील त्यांतला सर्वांत जुना माणूस आपल्या टेपने धावपट्टी आखतो, आणि बाकीचे त्यावर एक शब्द बोलत नाहीत. पुन्हा मोजून बघणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटा म्हणणं. त्या भागात गेली बारा वर्षं हा मान लेसचा होता. चामड्याच्या गोल डब्यातली शंभर फुटी पोलादी टेप त्याला ओटिस नावाच्या एका पारख्याने निवृत्त होताना दिली होती. "ही माझी नव्हती, तुझीही नाही," ओटिस म्हणाला होता. "ही सगळ्यांची आहे. तू फक्त धरून ठेव."

शंभर फुटी टेपने एकशेवीस फूट आखायचे म्हणजे दोनदा लावावी लागते. शंभर फुटांवर खूण करायची, तिथून पुढे वीस. लेसला ती सकाळ आठवली. शंभर फुटांची चिकटपट्टी त्याने लावली होती. तीन फूट पलीकडे दुसरी एक पांढरी पट्टी होती, कॉलेजवाल्यांनी लांब उडीसाठी लावलेली. गुडघा दुखत होता म्हणून तो मध्ये एकदा उठला. ओमाहा संघाचा बर्ट मॅकनॅली मासेमारीचा कुठला तरी किस्सा रंगवून सांगत होता. लेस हसला, परत वाकला, आणि टेपचं टोक जवळच्या पट्टीवर ठेवलं.

चुकीच्या पट्टीवर.

"लांब उडीची रेषा," तो म्हणाला. "मी तिच्यापासून वीस फूट धरले."

"मला वाटलंच होतं."

"हॉलिसला सांगितलंस?"

"नाही. तुम्हालाच आधी सांगितलं."

लेसने तिच्याकडे पाहिलं. ती सरळ मॅनेजरच्या खोलीत जाऊ शकली असती. तिथे तिचं नाव झालं असतं. सव्वीसाव्या वर्षी असं काही सापडणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. त्याऐवजी ही कॉफी घेऊन आली आणि दार लावलं.

"डॅनिका," तो म्हणाला, "हे मी विसरणार नाही."

"किती वेळा मोजलं विचारा ना."

"किती वेळा?"

"चारदा. एकदा उलटं."

हॉलिस ग्रँडबेरीने सगळं उभ्या उभ्या ऐकलं. ऐकून झाल्यावर तो फळ्याशी गेला, खाली वाकला आणि टोगारची पट्टी बोटाने टिचकावली.

"म्हणजे खरा आकडा चार बावन्न."

"चार बावन्न," डॅनिका म्हणाली.

"आणि हे फक्त या खोलीतल्या तिघांना माहीत आहे." हॉलिसच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "लेस, अरे, तुझ्या चुकीने आपल्याला उजवी कड फुकटात दिली की रे! पाचव्या फेरीपर्यंत त्याला कुणी हात लावणार नाही. पहिल्या चार फेऱ्यांत आपण मधली फळी भरू, आणि पाचवीत हा."

"मी आज सगळ्यांना फोन करणार आहे," लेस म्हणाला.

"कुणाला सगळ्यांना?"

"एकतीस संघांना."

हॉलिसचं हसू जागच्या जागी थांबलं. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

"धावपट्टी मी टोलेडोसाठी आखली नव्हती. बत्तीस जणांसाठी आखली होती. ते माझ्या टेपवर विसंबले."

"ते तुझ्या जागी असते तर तुला फोन केला असता?"

"माहीत नाही. पण पोराचं काय? पाचव्या फेरीतल्या पोराला दोन वाईट रविवार मिळतात, मग रस्ता. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतल्याला दोन वर्षं मिळतात. तूच ना म्हणालास, दोन वर्षं मार खाऊ? त्याची ती दोन वर्षं मी घालवली, हॉलिस. माझ्या गुडघ्याने घालवली म्हण हवं तर."

"आणि माझा बचाव?"

"या संघाचा बचाव मी एकतीस वर्षं बघतोय. तुझ्या आधीच्या चौघांचाही बघितला. उभा राहील. पण असा नको."

हॉलिस खिडकीशी जाऊन नदीकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "टेप तुझी आहे. मी नाही म्हणू शकत नाही. पण एक ऐक. तिसऱ्या फेरीत मला आयोवाचा तो मधला गडी हवाय. तुझ्या टेपपायी मी माझी फळी बदलणार नाही."

"ठीक," लेस म्हणाला. "आणि थँक यू."

"कशाबद्दल? मी शिव्या घालतोय तुला."

"नाही म्हणाला नाहीस, त्याबद्दल."

त्या दुपारपासून बुधवारपर्यंत लेसने एकतीस फोन केले. प्रत्येकाला तेच सांगितलं: मिनेसोटाची धावपट्टी एकेचाळीस यार्डांची होती, चूक माझी, त्या दिवशीच्या प्रत्येकाच्या वेळेतून साधारण एक दशांश वजा करा, हवं तर व्हिडिओतले ब्लॉक मोजून घ्या.

एक गोष्ट मात्र तो विसरला होता. ड्राफ्टच्या आठवड्यात कुणीच खरं बोलत नाही. प्रत्येक संघ ज्याच्यावर डोळा आहे त्याला नावं ठेवतो आणि नको त्याचं कौतुक करतो. नको असलेलं पोर दुसऱ्याने घ्यावं, हवं ते आपल्यासाठी उरावं म्हणून. तिथे म्हाताऱ्या लेस टोथचा फोन, आणि तोही स्वतःची चूक कबूल करणारा!

"वा, वा!" सॅक्रामेंटोचा पारखी हसून हसून खोकायला लागला. "लेस, ही थाप एक नंबर आहे. मोजपट्टीच चुकली म्हणे! मला का नाही सुचलं हे?"

"थाप नाही रे. खरंच सांगतोय."

"हो हो. मग आम्ही त्या पोराला घेतो आणि तुम्ही ज्याच्यावर टपलाय तो तुम्हाला सोडतो, असंच ना?"

टक्सनचा म्हणाला, "आता तू ब्लॉक मोजायला लागलास? बायकोला फोन दे जरा." बफेलोच्या बाजूचा एक जण नुसताच हसला आणि फोन ठेवून दिला. काहींनी आभार मानून लिहून घेतल्यासारखं केलं, पण लेसला आवाजावरून कळत होतं, पेन हातात नव्हतं. बारा वर्षं त्याचा आकडा डोळे झाकून घेणारी माणसं, त्याने पहिल्यांदाच आपण चुकलो म्हटलं तर विश्वास ठेवेनात.

फक्त ओमाहाचा बर्ट मॅकनॅली हसला नाही.

"मी तेव्हा मासेमारीचं सांगत होतो, नाही का?" तो म्हणाला.

"हो."

"तू हसलास आणि खाली वाकलास."

"हो."

"च्यायला, लेस. निम्मी चूक माझी." मग, "तो व्हिडिओ पाठव. मोजतो."

लेसने व्हिडिओ पाठवला आणि जाऊन हॉलिसला सांगितलं. लपवायचं ठरवलं नव्हतं, मग हे तरी कशाला लपवायचं? हॉलिसने डोक्याला हात लावला. तिसऱ्या फेरीत ओमाहाची पाळी टोलेडोनंतर दोनच नावांनी येत होती.

ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत वीसेक माणसं कोंबून बसली होती. टेबलावर कोणीतरी आणलेले हॉटडॉग गार होत होते. पहिल्या फेरीत टोलेडोने मिसिसिपीचा तीनशे तीस पौंडांचा आडवा गडी घेतला होता, दुसरीत टेक्सासचा एक चपळ पोरगा. दोघंही एकवीस वर्षांचे. हॉलिस म्हणाला होता तसाच, पोरांचा बचाव.

तिसऱ्या फेरीत टोलेडोची पाळी आली. घड्याळावर सात मिनिटं. फळ्यावर आयोवाच्या गड्याची पट्टी अजून वरच होती, आणि तळाशी टोगारची.

लेस मागच्या भिंतीला टेकून उभा होता. मनात एकच होतं: पोराचं नाव आज पुकारलं जावं. ओमाहाने पुकारलं तरी चालेल. नाहीतर ते नाव पाचव्या फेरीकडे घसरत जाईल, आणि त्या घसरणीवर लेसच्या हाताचा ठसा असेल.

"रीव्हज," हॉलिस मागे न वळता म्हणाला. डॅनिका दचकली. "ओमाहाने ते ब्लॉक खरंच मोजले असतील का?"

"मला काय माहीत?"

"तूच मोजलेस ना? सांग, एखादा माणूस ते मोजायला बसला तर त्याला किती वेळात पटेल?"

ती विचार करून म्हणाली, "पंधरा मिनिटं. चष्मा असेल तर वीस."

खोलीत हशा पिकला. हॉलिस मात्र हसला नाही. "तीस संघांना वाटतं लेस थापा मारतोय. एकाला वाटतं खरं बोलतोय. आणि आपल्याला तर माहीतच आहे." तो फळ्याशी गेला. चार मिनिटं उरली होती. "गेल्या वर्षी आपल्या उजव्या कडेने किती वेळा आरपार गेले?"

"एकोणीस," डॅनिका म्हणाली.

हॉलिसने खाली वाकून टोगारची पट्टी काढली आणि आयोवाच्या वर ठेवली. "ज्या पोरासाठी माझ्याच माणसाने एकतीस फोन केले, त्याला दुसऱ्याच्या गणवेशात बघायची माझी छाती नाही. फोन लावा."

लेसने मागे हात नेला. त्याने खोली गरम ठेवणारा रेडिएटर धरला. अजून कोमट होता.

पहिल्यांदा मॅनेजरने बोलायचं आणि मग ज्याने पोर शोधलं त्या पारख्याने, अशी पद्धत. हॉलिस दोन मिनिटं बोलला आणि फोन पुढे केला. पलीकडे इतका गलका होता की लेसला आधी काही ऐकूच येईना. बायका एकाच वेळी रडत आणि हसत होत्या, कुणीतरी भांडं बडवत होतं.

"मिस्टर टोथ? मी टोगार. थँक यू सर. थँक यू. आई इथे नाचतेय, तिला गप्प करता येत नाहीये—"

"टोगार, थांब. आधी मला काहीतरी सांगायचंय. ते चार बासष्ट तुझे नव्हते. धावपट्टी एक यार्ड लांब होती. मी आखली होती ती. चूक माझी होती."

पलीकडचा गलका चालूच होता. लेसने डोळे मिटले.

"मला माहीत होतं," टोगार म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"मी अठरा पावलांत चाळीस संपवतो सर. नेहमी. त्या दिवशी अठरावं पाऊल पडलं आणि रेषा आलीच नव्हती. घरी येऊन आईला म्हटलं, फरशी लांब होती. आई म्हणाली, फरशीला दोष देऊ नकोस, आणखी जोरात पळ." तो हसायला लागला. "महिनाभर रोज पहाटे पळतोय. आता सतरा लागतात."

लेसला हसू आलं आणि दुसरंही काहीतरी आलं. त्याने फोन डॅनिकाच्या हातात दिला. "हिने मोजलं बघ. हिला सांग काय सांगायचं ते."

दोन नावांनंतर ओमाहाने आयोवाचा गडी पुकारला. लगेच लेसच्या फोनवर बर्टचा मेसेज आला. *ब्लॉक मोजले, चष्मा लावून. पंचवीस मिनिटं लागली. ते पोर तू नेलंस, म्हाताऱ्या. छान केलंस.*

स्टोकर्स पहिले तीन सामने हरले. त्या तिसऱ्यात टोगारच्या डोक्यावरून एक लांब चेंडू गेला आणि शहरातल्या पेपराने त्याचा फोटो पाठमोरा छापला. पण मिसिसिपीचा आडवा गडी ऑक्टोबरमध्ये जागेवरून हलेनासा झाला, टेक्सासच्या पोराला समोरच्यांचे डाव आधीच ओळखू यायला लागले, आणि उजव्या कडेने आरपार जाणं एकोणीसवरून पाचवर आलं. सतरातले सात जिंकले. आयोवाचा तो गडी ओमाहात फार चांगला खेळला, हे हॉलिस लेसला महिन्यातून एकदा न विसरता ऐकवायचा. ईस्ट साइडच्या बारमध्ये लोकांनी स्टुलं पुन्हा टीव्हीकडे वळवली. बारवाला म्हणाला, "लेस, आता कुणी माझ्याशी बोलतच नाही," आणि त्याच्यापुढे चिकन पाप्रिकाशच्या रश्शाची फुकटची वाटी ठेवली.

पुढच्या मार्चमध्ये मिनेसोटाच्या त्याच क्रीडागृहात मोजणी होती. लेसने टेप बरोबर घेतली नव्हती. वर्षभर ती त्याच्या टेबलाच्या खणात पडून होती. दुसऱ्या कुणाला मान द्यावा, आपण मागे उभं राहावं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

क्रीडागृहात नऊ-दहा पारखी कोट काढून, हातात कप घेऊन उभे होते. भिंतीपाशी डॅनिका होती, आणि तिच्याशेजारी टोगार. हंगाम संपल्यावर आपल्या कॉलेजच्या पोरांना धीर द्यायला आला होता.

"चल, आख," बर्ट म्हणाला.

"तू आख. मी नाही."

"मी? मी मासेमारीचा किस्सा सांगणार आहे. नवा आहे."

डॅनिकाने पिशवीतून चामड्याचा गोल डबा काढला. खणातून तिनेच उचलून आणला होता. लेसने सगळ्यांकडे पाहिलं. सॅक्रामेंटोचा तो खोकणारा, टक्सनचा, बाकीचे. या वेळी कुणी हसलं नाही. सगळे वाट बघत होते, दरवर्षी बघायचे तशीच.

"ठीक आहे," लेस म्हणाला. त्याने डबा हातात घेतला. "पण एक अट. ही मागून ब्लॉक मोजणार. दर वेळी. कुणी वाईट वाटून घ्यायचं नाही, मीसुद्धा नाही."

"एवढंच ना?" टक्सनचा म्हणाला. "मोजू दे की. तुझ्या बायकोला नाही सांगत."

टोगार पुढे आला. "सर, हे टोक मी धरतो."

तो फरशीवर बसला आणि टेपचं शून्याचं टोक अंगठ्याने दाबून धरलं. लेस पोलादी पट्टी उलगडत चालत गेला, शंभर फुटांवर एक गुडघा टेकून चिकटपट्टी लावली, तिच्यावर पेनने मोठी फुली मारली. लांब उडीची पट्टी जवळपास कुठे आहे का, ते बघायला त्याने मान वळवली. कुणीतरी ती आधीच खरवडून काढली होती. त्याने टेप फुलीवर धरली, पुढे वीस फूट मोजले, शेवटची रेषा मारली आणि ती भिंतीवर हातभर चढवली.

डॅनिका भिंतीला हात लावत चालत आली. क्रीडागृहात तेवढाच आवाज होता, तिच्या बोटांचा ब्लॉकवर टकटक. शेवटच्या पट्टीशी ती थांबली.

"नव्वद," ती म्हणाली.

"उलटं मोज," लेस म्हणाला.

ती हसली आणि उलटं मोजायला निघाली.